बाईंचा पावसाचा प्रकल्प

आमची शाळा १५ जूनला उघडते, पण आमच्या बाई यंदा चार दिवस आधीच आल्या. आमचे घर शाळेला लागूनच आहे. मी पळत गेलो. बाई म्हणाल्या, "बरं झालं आलास. यंदा चौथीचा वर्षभर एकच प्रकल्प, आपल्या गावाचा पाऊस."

बाईंनी प्लास्टिकची बाटली वरून कापली आणि तो तुकडा नरसाळ्यासारखा उलटा बसवला. बाटलीच्या तळाला खळगे असतात, म्हणून आत सिमेंट ओतून तळ सपाट केला. पट्टीचा शून्य बरोबर सिमेंटला लावला. झाले पर्जन्यमापक! पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा, वेधशाळेतही तेव्हाच मोजतात. शाळा तर साडेदहाला भरते. म्हणून ते काम मला मिळाले.

मग आम्ही टेपने शाळा मोजली. छप्पर १० मीटर लांब, ६ मीटर रुंद. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. म्हणजे १० मिलिमीटर पावसात छपरावर ६०० लिटर! आमचा हंडा १५ लिटरचा. ४० हंडे झाले.

घरी सांगितले तर आजोबा म्हणाले, "पाढे सोडून ही काय बाटल्यांची थेरं?" (पाढे येत नसते तर ४० कसे आले असते?) आई गप्प होती. मे महिन्यात ती एकेका हंड्यासाठी मळ्यातल्या विहिरीवर जायची. मग तिने विचारले, "एवढं पाणी जातं कुठं रे?"

मी बाईंना तसेच सांगितले. बाईंनी प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर तोच प्रश्न लिहिला.