पातीभर अंतर

धर्मगुरूने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजच्या ओट्यावर आम्ही ज्या संध्याकाळी घालविल्या, त्यांनी आम्हांला जे शिकविले ते ग्रंथांतून शिकता आले नसते. म्हणून हा प्रपंच.

गाडी होती 1972 सालची अँबॅसॅडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली ही मोटार हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होई. 2014 साली तिचे उत्पादन थांबले. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने वडिलांची आठवण म्हणून ती सांभाळली होती. तिचे 1489 सीसीचे इंजिन पुरते थकले, तेव्हा त्यांनी ते एका वयोवृद्ध मिस्त्रींच्या हाती सोपविले. एके काळी हे गृहस्थ चालत्या इंजिनाला नुसता कान देऊन टॅपेट लावीत. आता तो कानच साथ देईनासा झाला आहे. ‘फादर, हे शेवटचे इंजिन,’ असे ते आम्हांला म्हणाले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने मान वळविली.

या इंजिनात आठ झडपा असतात. खालचा कॅम पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो, आणि तराजूच्या दांडीप्रमाणे रॉकरचे दुसरे टोक खाली येऊन झडप उघडते. झडप मिटलेली असताना रॉकर आणि झडपेचा दांडा यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते. या इंजिनात ती, इंजिन गरम असताना, 0.015 इंच, म्हणजे सुमारे 0.38 मिलिमीटर असावी लागते. तापल्यावर धातू वाढतो. फट नसेल तर झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नाही. आणि बैठकीवर टेकूनच तर ती आपली उष्णता बाहेर टाकत असते. न टेकणारी एक्झॉस्टची झडप अखेर जळते. सैल टॅपेट खडखडून तक्रार करतो. घट्ट टॅपेट मात्र मुकाट्याने झडप जाळतो.

इंजिन जोडून प्रथम सुरू केले तेव्हा जुनेच रॉकर वापरले होते. पंधराची पाती आठही ठिकाणी व्यवस्थित सरकली, तरी टकटक थांबेना. ती वडिलांना ऐकू येत नव्हती, मुलाला येत होती. ‘बाबा, थोडे आवळतो, आवाज जाईल,’ तो म्हणाला. वडिलांनी इंजिन बंद करविले, शाफ्ट उतरविला, एक रॉकर हातात घेतला आणि त्याच्या तोंडावरून अंगठ्याचे नख फिरविले. मग मुलाचे नख तेथे टेकविले. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथे बारीक खळगा पडला होता. सपाट पाती त्या खळग्यावरून पुलासारखी जाते. खळग्याची खोली तिला कळत नाही. माप पंधराचे दिसते, खरी फट मोठी असते. पाती खोटी नव्हती. ती ज्यावर टेकली होती ते खोटे होते.

मग प्रश्न आला निवडीचा. जुने रॉकर घासून सपाट करणे स्वस्त; परंतु कठीण केलेला थर फक्त वरवर असतो, तो घासून गेला की खालचा मऊ धातू लवकर झिजतो. भंगारातले रॉकर म्हणजे दुसऱ्याची झीज विकत घेणे. अखेर आठही नवे आणले. मिस्त्रींनी प्रत्येकाचे तेलाचे छिद्र तपासले, बुश शाफ्टवर हलवून पाहिला. शाफ्टही बदलला, कारण रॉकरचा दाब शाफ्टच्या खालच्या बाजूवर येतो आणि तो तेथेच झिजतो. झिजलेल्या शाफ्टवर नवा बुश बसविण्यात काय अर्थ?

इंजिन पुन्हा गरम झाल्यावर बापलेक मापाला बसले. हिशेब नऊचा. आठवी झडप पूर्ण उघडी असेल तेव्हा पहिली मापायची. सहावी उघडी असता तिसरी, चौथी उघडी असता पाचवी, सातवी उघडी असता दुसरी. बेरीज नेहमी नऊ. जिची फट मापायची, तिच्या कॅमचा उंचवटा त्या वेळी दूर गेलेला असतो. मुलगा पाना धरी आणि पेचकसाने स्क्रू फिरवी. वडील पाती ओढून पाहत. पाती अडकूही नये, मोकळीही सुटू नये. बोटांना हलकीशी ओढ लागावी. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पुन्हा पाती घालायचीच. तिसऱ्या झडपेपाशी मुलाने ‘झाले’ म्हटले. वडिलांनी पाती ओढली आणि मान हलविली. नट पुन्हा सैल झाला.

इंजिन सुरू झाले. मुलाने बराच वेळ कान दिला. हलकीशी, एकसारखी टिकटिक तेवढी उरली होती. फट आहे तोवर ती असणारच. तो वडिलांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, ‘एकसारखे चालते आहे.’ वडिलांनी रॉकरच्या झाकणावर तळहात ठेवला आणि होकार दिला.

माणसांतही असे पातीभर अंतर लागते, असे आम्हांला वाटते. ज्या घरात कधीच खडखड ऐकू येत नाही, ते घर सुखीच असेल असे नाही. कोठे तरी कोणी मुकाट्याने जळत असेल. आणि माप घेण्यापूर्वी खळग्यावरून नख फिरविणारे कोणी जवळ असावे लागते. थोडी गाडी चालल्यावर हेडचे नट पुन्हा आवळून आठही फटी नव्याने तपासायच्या आहेत. त्या दिवशी पाती मुलाने ओढायची आणि स्क्रू वडिलांनी फिरवायचा, असे त्यांचे ठरले आहे.