हूडच्या बदल्यात बिस्मार्क

हूडचं मॉडेल पुरं करून देता येत नाही, म्हणून कंपनीने मला भरपाईदाखल बिस्मार्क देऊ केली. हे मी भेटेल त्याला सांगतो, आणि ऐकणारा ढिम्म राहिला की माझं डोकं फिरतं. अहो, हूड म्हणजे ब्रिटिश आरमाराची शान. वीस वर्षं जगातली सर्वांत मोठी युद्धनौका! २४ मे १९४१ च्या सकाळी डेन्मार्क सामुद्रधुनीत तिला बुडवलं ते याच जर्मन बिस्मार्कने. मागच्या बाजूचं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि तीनेक मिनिटांत सगळं संपलं. १,४१८ माणसांपैकी तिघं वाचली.

आम्ही पोर्ट्समथला राहतो. हूडची घंटा २०१५ साली समुद्रतळावरून वर काढली, ती इथल्याच संग्रहालयात आहे. तेव्हा जाहिरात दिसताच वर्गणी भरली, यात नवल नाही. दर आठवड्याला एक अंक आणि त्याबरोबर जहाजाचे दोन-चार भाग. पहिला अंक जवळपास फुकट, पुढचे खिसा कापणारे. शे-सव्वाशे अंकांत १:२०० प्रमाणातलं, म्हणजे सव्वा मीटरहून लांब जहाज तयार होणार होतं. एवढ्या पैशांत दोघांची मुंबईची तिकिटं येतील, असा हिशोब बायकोने सुरुवातीलाच मांडला होता. आली असती.

लाकडी कणा, त्यावर फासळ्या, फासळ्यांवर पाण्यात भिजवून वाकवलेल्या पट्ट्या, मग पुट्टी आणि पॉलिश पेपर. हे सगळं निगुतीने झालं. हूडवर १५ इंची तोफांचे चार फिरते बुरूज होते, पुढे ए आणि बी, मागे एक्स आणि वाय. ए आला, बी आला. मग अंकच यायचे बंद झाले.

फोन केला. आधी म्हणाले, टपालाचा घोळ आहे. पुढच्या खेपेला कळलं, माल बंदरात अडकलाय. त्यानंतरच्या बाईंना हूड हे काय प्रकरण आहे तेच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला स्पेलिंग विचारलं. पोर्ट्समथमध्ये बसून मी हूडचं स्पेलिंग सांगतोय! शेवटी एका गोड गळ्याच्या मुलाने सांगितलं, ‘ही मालिका आता बंद झाली आहे, सर. पण आपण जुने वर्गणीदार, म्हणून बिस्मार्कचे सुरुवातीचे अंक आम्ही मोफत देऊ.’ मी विचारलं, ‘बाळा, बिस्मार्कने काय केलं, माहीत आहे का?’ तो म्हणाला, ‘फार लोकप्रिय मॉडेल आहे, सर.’

त्याच्यावर मी काय चिडणार? चीड येते ती ही योजना आखणाऱ्याची. म्हणून सांगतो, सुट्या भागांच्या मालिकेच्या नादी लागू नका. सगळं जहाज एका खोक्यात मिळतं ते घ्या, निदान आपण कशात पडलोय ते पहिल्या दिवशी कळतं.

बिस्मार्क मी साफ नाकारली. मग रिकाम्या हातांना चैन पडेना, म्हणून घेतली. आणि खोटं कशाला बोलू, फार देखणी आहे. रुंद बांधा, सगळं कसं मापात. हूडची नजाकत तिच्यात नाही, असं मी म्हणतो खरा, पण पाहुण्यांचे डोळे तिच्यावरच खिळतात. तिचा एकही भाग चुकला नाही. पुस्तिकेत काळे-पांढरे तिरके पट्टे रंगवायला सांगितले होते. मी रंगवले नाहीत. ते पट्टे नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये २१ मे रोजी राखाडी रंगाखाली झाकले होते. हूडवर गोळे टाकणारी बिस्मार्क राखाडी होती, तशीच माझी. हूडनंतर तीन दिवसांनी बिस्मार्कही बुडाली, हे पाहुण्यांना मी आवर्जून सांगतो.

हूड खोलीतल्या कपाटावर आहे. एक्स आणि वाय जिथे बसायचे, तिथे दोन गोल भोकं. थ्रीडी प्रिंटरवर बुरूज काढून देणारा एकजण भेटला होता, पण प्लास्टिकला धातूचं वजन येत नाही. बायको म्हणते, जिथे स्फोट झाला नेमकी तीच बाजू रिकामी आहे, तर तशीच राहू दे, शोभतंय. मला पटत नाही. कुणाच्या माळ्यावर ती मालिका पडून असेल, तर फक्त एक्स आणि वाय द्या. म्हणाल ती किंमत देईन, टपालखर्च वेगळा.