मुरबाडचे नाना

नाणेघाटातून उतरणारी वाट सातवाहनांच्या काळापासून मुरबाडच्या मुलखातून कल्याणच्या बंदराकडे जात आली आहे. ज्या मुलखातून जुन्नरचा माल समुद्राकडे गेला, त्याच मुलखातून पुढे पेशवाईत मुरकुटे नावाचे एक दैवज्ञ घराणे व्यापारउदिमासाठी मुंबईस गेले. आणि त्या घराण्यात, १८०३ साली, जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचा जन्म झाला तो मात्र मुरबाडास. मुंबईचे शिल्पकार म्हणून नानांचा गौरव पुष्कळ झाला आहे. मला त्यांचे स्मरण होते ते जमिनीचे धनी म्हणून.

वडील १८२२ साली निवर्तले, तेव्हा ऐन विशीच्या उंबरठ्यावर नानांच्या हाती पेढी आली, जमीनजुमला आला, आणि त्याबरोबर जो ऐश्वर्याचा मद सहसा येतो तो मात्र आला नाही. स्त्रीशिक्षणाचे नाव काढताच भल्याभल्यांच्या कपाळी आठ्या पडत, त्या काळी त्यांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. आगगाडीची कल्पना लोकांना मायावी वाटत असताना तिच्या कचेरीलाही त्याच वाड्याचे दार उघडले. आणि सोनापूरची स्मशानभूमी तेथून उठवून शिवडीस नेण्याचा सरकारचा मनसुबा, गोरगरिबांना प्रेत खांद्यावर घेऊन तेवढी पायपीट करावी लागू नये म्हणून, त्यांनी नेटाने परतवला. आपल्या मिळकतीवर ज्याचे नाव नाही त्याचाही हक्क ओळखणे, हे मी जमीनदारीचे खरे लक्षण समजतो, आणि ते नानांच्या ठायी पूर्णत्वाने होते.

वृक्षवेलींविषयीची त्यांची आस्था याच वृत्तीतून उमललेली होती. शिवडीस असलेला वनस्पतींचा बाग गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आला, तेव्हा माझगावच्या माउंट इस्टेटीवर नवा बाग वसवण्याच्या खटपटीत जी मंडळी पुढे झाली, त्यांत नाना अग्रभागी होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तो बाग लोकांसाठी खुला झाला. आपण त्याला राणीचा बाग म्हणतो. चाळीच्या अंधाऱ्या खोल्यांत वाढलेल्या किती पिढ्यांना पहिला विस्तीर्ण वृक्ष तेथे दिसला असेल! धनिकांनी बांधलेल्या कितीएक हवेल्या जमीनदोस्त झाल्या, पण या बागेची सावली अजून मुंबईकराच्या कामी येते.

परंतु नानांची दुसरी थोर कामगिरी, म्हणजे रेल्वे, जेव्हा त्यांच्या मूळ मुलखाकडे वळली, तेव्हा काय घडले, हेही त्यांच्यावर प्रेम करणाऱ्याने पाहिले पाहिजे. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली गाडी १८५५ साली वाशिंदला, म्हणजे शहापूर तालुक्यात, पोहोचली, आणि पुढे थळ घाट चढून गेली. जुन्या दप्तरात कोळवण म्हणून नोंदलेला हा मुलूख साग, ऐन, हिरडा, मोह यांनी गर्द होता. लोहमार्गाखालच्या फळ्यांसाठी आणि इंजिनांच्या जळणासाठी हिंदुस्थानभर अरण्यांवर कुऱ्हाड चालली, आणि वाढत्या मुंबईची लाकडाची भूक तर या रानांच्या अगदी उंबऱ्याशी होती. मुंबई इलाख्याने १८४७ सालीच डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना जंगलांचे पालक नेमले होते. जंगलाचा पहिला कायदा झाला तो १८६५ साली, आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी नानांनी देह ठेवला. त्या कायद्याने रानावर सरकारची मालकी बसू लागली. ज्या ठाकूर-कातकऱ्यांची सारी उपजीविका त्या रानावर होती, त्यांची वहिवाट मात्र पुढे मेहेरबानीच्या सदरात गेली. यात नानांना मी दोष देत नाही. आगगाडीने या देशाचे अपार कल्याण केले. पण नगराला बाग मिळाला तेव्हाच जन्मभूमीचे रान विरळ होऊ लागले, ही वेदना त्यांच्या चरित्रात कोठे नोंदली जात नाही, म्हणून येथे नोंदतो.

शहापूर-मुरबाडच्या गावांत ग्रामदैवताच्या नावाने राखलेल्या राया आहेत. त्यांच्या धन्याचे नाव कोणत्याही दस्तऐवजात दाता म्हणून सापडायचे नाही. देवाच्या झाडाला कोयता लावायचा नाही, एवढ्या एका निर्बंधावर त्या टिकल्या. मी यांना नानांच्या बागेची वडील भावंडे मानतो. आणि मुंबईवरचे या मुलखाचे ऋण तर केवळ लाकडाचे नाही: १८९२ पासून शहापुरातली तानसा तिची तहान भागवते आहे, पुढे वैतरणा आणि भातसाही त्याच कामी लागल्या, आणि त्याच शहापुरातल्या पाड्यांवर वैशाखात बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

ज्यांनी रेल्वे आणली त्यांच्या जन्मगावी ती अद्याप पोहोचलेली नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी रास्त आहे, आणि तो व्हावाच. मात्र त्याच्या आखणीच्या कागदांत जमिनीच्या मोबदल्याबरोबर वाटेतल्या प्रत्येक झाडाची मोजदाद असावी. जितकी तुटतील त्याहून अधिक याच तालुक्यात लावून जगवावीत, आणि त्याचा खर्च येथले पाणी पिणाऱ्या मुंबईच्या महापालिकेने उचलावा. मुंबईकडे असे मागणे मागण्याचा अधिकार नानांच्या मुरबाडाइतका दुसऱ्या कोणत्या गावाला असेल?