फजितीनंतरचा क्षण

हास्यरसाचे विवेचन करताना भरताने स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि त्याबरोबरच आणखी एक विभागणी केली. माणूस स्वतः हसतो तेव्हा हास्य आत्मस्थ असते, दुसऱ्याला हसवतो तेव्हा ते परस्थ होते. पुढच्या काळातील पाठ्यपुस्तकांनी सहा प्रकारांची उजळणी मनोभावे केली. ही दुसरी विभागणी मात्र बहुधा एका वाक्यात उरकली. वस्तुतः विदूषकाचे सारे कोडे तिच्यातच दडलेले आहे. विदूषक दुसऱ्याला हसवतो हे उघडच आहे. पण ते करीत असताना त्याचे स्वतःशी काय चाललेले असते? गो. के. भट यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकाने १९५९ मध्ये विदूषकावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि संस्कृत नाटकांतील विदूषकांची कसून तपासणी केली. तथापि संहितेतला विदूषक असा तपासता येतो. रंगमंचावर उभा राहिलेला विदूषक संहितेच्या काठावरून नेहमीच सांडत असतो.

हा प्रश्न विसाव्या शतकात पॅरिसमधल्या एका नाट्यशाळेत काहीशा अपघातानेच ऐरणीवर आला. झाक लकॉक हे मुळात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक. इटलीत काही वर्षे रंगभूमीवर काम करून ते परतले आणि १९५६ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. साठच्या दशकात एके दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांना सर्कशीच्या रिंगणासारखे गोलाकार बसवले आणि एकेकाने मध्ये येऊन इतरांना हसवावे, एवढेच सांगितले. कोणी धडपडून दाखवले, कोणी कोट्या केल्या, कोणी चित्रविचित्र कल्पना लढवल्या. कोणीही हसले नाही. वातावरण जड झाले, घसे कोरडे पडले, आणि हसवण्याची ती धडपड जवळजवळ शोकात्म भासू लागली. शेवटी एकेक जण हार मानून, ओशाळून, आपल्या जागेकडे परतू लागला. आणि नेमक्या त्याच वेळी रिंगण हसू लागले. ज्या क्षणी हसवण्याचा सारा खटाटोप संपला होता, त्या क्षणी समोर उरला होता तो फजित झालेला, निःशस्त्र माणूस. लोक हसले ते त्याला.

लकॉक यांनी या घटनेला पुढे अभ्यासक्रमात स्थान दिले. त्यांच्या शाळेत प्रारंभी निर्विकार मुखवटा घालून सर्व वैयक्तिक लकबी पुसून टाकण्याचे शिक्षण मिळे. विदूषकाचा पाठ दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाच्या अगदी अखेरीस येई. हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्याला आपली चाल पुसता आली, त्यालाच ती पुन्हा सापडते. नाकावरचा तो लहानसा लाल गोळा हा त्यांच्या मते जगातला सर्वांत छोटा मुखवटा होता, आणि इतर मुखवटे चेहरा झाकतात तर हा त्याला उघडा पाडतो. बारीक पाय, पुढे आलेले पोट, चालताना आत वळणारे पाऊल, लहानपणापासून लपवून ठेवलेला एखादा हातवारा, असे जे जे सभ्य समाजात दडवावे लागते, ते या नाकाच्या आश्रयाने बाहेर येते. येथे भूमिका बाहेरून उसनी आणायची नसते. प्रत्येकाला आपापला विदूषक आपल्याच देहात शोधावा लागतो आणि तो शोध एकट्याने, आरशासमोर, करता येत नाही. त्यासाठी कोणीतरी पाहणारा लागतो. आत्मशोध म्हटला की आपल्याकडे एकांत, मौन, मिटलेले डोळे यांचीच आठवण होते. चारचौघांच्या देखत होणारा आत्मशोध ही कल्पना त्यामुळेच थोडी विचित्र वाटत असावी.

मराठीला मात्र ती अगदीच परकी नाही. तमाशातल्या सोंगाड्याचा मोठा गुण सांगायचा झाला तर आपण सहजपणे ‘हजरजबाबी’ असा शब्द वापरतो. या शब्दातल्या जबाबाकडे, म्हणजे चटपटीत उत्तराकडे, आपले लक्ष जाते. त्यातल्या ‘हजर’कडे जात नाही. जो खरोखर तेथे हजर आहे त्याचाच जबाब वेळेवर येतो. गौळणीतला लंगडा पेंद्या मावशीशी वाद घालत असतो, तेवढ्यात एखादे पोर रडू लागते, पेट्रोमॅक्सची बत्ती फुरफुरते, मागच्या रांगेतून कोणी आडवा शब्द टाकतो. आणि सोंगाड्या त्या प्रत्येक व्यत्ययाला खेळात ओढून घेतो. बतावणी पाठ करता येते, पण पाठ केलेली बतावणी बोर्डावर मरते. ‘गाढवाचं लग्न’ या वगात सावळ्या कुंभार रंगवणारे दादू इंदुरीकर हे याचे ठळक उदाहरण होय. वगाचा सांगाडा तोच, पण त्यात भरला जाणारा मजकूर त्या रात्रीचा, त्या गावाचा, त्या समुदायाचा. म्हणूनच छापील वग वाचून सोंगाड्याचे मोठेपण अजमावणे हे वाळलेल्या पात्रावरून नदीचा वेग सांगण्यासारखे आहे.

येथवर पॅरिसची शाळा आणि तमाशाचा बोर्ड हातात हात घालून चालतात असे वाटते. परंतु हे साम्य मान्य करताना घाई होता कामा नये. लकॉक यांच्या रिंगणात उतरणारा विद्यार्थी फजिती निवडत होता. ती संपल्यावर तो लाल नाक खिशात टाकून रस्त्यावर येई आणि पुन्हा प्रतिष्ठित तरुण होई. तमाशाचा बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आला. त्याला हास्यास्पद ठरवण्यासाठी लाल नाकाची गरज नव्हती; गावाने ते काम त्याच्या जन्माबरोबरच करून ठेवले होते. दिवसा ज्या पाटलाच्या वाड्यापुढे त्याला वाकून उभे राहावे लागे, रात्री वगात तो त्याच पाटलाचे किंवा राजाचे हसे करी, आणि खुद्द पाटील पुढच्या रांगेत बसून त्याला दाद देई. पहाटे तंबू उतरला की सर्व काही पूर्ववत. तेव्हा विदूषकी हा आत्मशोधाचा खेळकर मार्ग आहे असे कोणी म्हणू लागले, तर खेळायला नकार देण्याची मुभा कोणाला होती, हे आधी विचारले पाहिजे. आज शहरांतून होणाऱ्या शिबिरांत लाल नाके वाटून मनावरचा ताण हलका करण्याचे जे प्रयोग चालतात, त्यांत हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. ते प्रयोग निरुपयोगी आहेत असे नव्हे. पण ज्याच्याजवळ गमावण्यासारखी प्रतिष्ठा आहे त्याचीच फजिती त्यांनी गृहीत धरलेली असते. न्यूयॉर्कच्या एका सर्कशीचे विदूषक १९८६ पासून रुग्णालयांत आजारी मुलांकडे जाऊ लागले. या परंपरेतला एक साधा संकेत शिबिरांनी उचलण्यासारखा आहे. विदूषक दारात थांबतो आणि आत येऊ का, असे विचारतो. सुईला, औषधाला, डॉक्टरला नको म्हणण्याची सोय नसलेल्या मुलाला निदान त्याला तरी नको म्हणता येते.

याच्या अगदी उलट टोकाला केरळमधला कूडियाट्टम्‌चा विदूषक उभा आहे. ही भूमिका देवळाच्या कूत्तंबलम्‌मध्ये परंपरेने चाक्यार करीत आले. नायक संस्कृतात नायिकेचे सौंदर्य वर्णितो आणि विदूषक त्याच श्लोकाच्या घाटात मल्याळम् प्रतिश्लोक रचून ते वर्णन एखाद्या दासीला लावून दाखवतो. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चतुष्टयाच्या जागी तो अशन, राजसेवा, विनोद आणि वंचना असे आपले चार पुरुषार्थ मांडतो आणि त्यांच्या निरूपणात रात्रीमागून रात्री घालवतो. समोर बसलेल्या कोणाचीही, मग तो राजा का असेना, टिंगल करण्याची त्याला मुभा असे आणि प्रेक्षकाने उठून उत्तर द्यायचे नाही असा दंडक होता. चाक्याराजवळ शास्त्र होते, देवळाचे संरक्षण होते. त्याची हजेरी अभेद्य होती आणि कदाचित म्हणूनच तिच्यात तो ओशाळलेला क्षण फारसा सापडत नाही.

तो सापडतो एका दंतकथेत, आणि तोही विदूषकाच्या पाठीमागे बसलेल्या माणसाजवळ. अठराव्या शतकात अंबलप्पुळच्या देवळात चाक्याराच्या कूत्तूला मिळावू वाजवणारे कुंजन नंबियार वाजवता वाजवता पेंगले, असे सांगतात. चाक्याराने भर सभेत त्यांची अशी काही खिल्ली उडवली की सारे देऊळ हसले. दुसऱ्याच दिवशी नंबियार त्याच आवारात सर्वांना कळेल अशा मल्याळम्‌मध्ये गात, नाचत उभे राहिले आणि चाक्यारासमोरचे प्रेक्षक उठून त्यांच्याकडे आले. ही तुळ्ळल या कलाप्रकाराची जन्मकथा मानली जाते. दंतकथेचे ऐतिहासिक मूल्य मर्यादितच असते. तरीही केरळच्या लोकस्मृतीने एका थोर विनोदी कवीचा उगम त्याच्या फजितीत शोधावा, हे नोंदण्याजोगे आहे. ज्याला हसले गेले, तो तेथून निघून गेला नाही. दुसऱ्या दिवशी तेथेच परत आला.

सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या जुळ्या भावांची गोष्ट आणखी वेगळी आहे. लहू आणि अंकुश खाडे ही त्यांची नावे. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी एकसारखे दिसणारे दोन हवालदार रंगवले. एकाची चूक दुसऱ्याच्या माथी, एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर, असा तो गोंधळ महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिला. जन्मतःच मिळालेले सारखेपण, जे इतर कोणाला केवळ योगायोग वाटले असते, ते त्यांनी बोर्डावर आणून ठेवले. त्या हवालदारांची नावे काळू आणि बाळू होती. पुढे फडाला तेच नाव मिळाले, आणि खेड्यापाड्यांतले लोक, ज्यांना लहू-अंकुश ही नावे कधी ठाऊकच नव्हती, तंबूबाहेर त्यांना भेटल्यावरही त्याच नावांनी हाका मारीत. आणि दोघेही त्या हाकेला ओ देत.