मागली आवृत्ति

जुनें तें सोनें, ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजतेनें उच्चारली जाते कीं, नवी व्यवस्था बिघडली म्हणजे जुनीकडे परतावें, सर्व सुरळीत होईल, अशी आपली समजूत होऊन बसते. संगणकाच्या राज्यांत ही समजूत किती महाग पडूं शकते, हें आम्हांस माजलगांवीं, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत पाहावयास मिळालें.

या ग्रंथालयाचा सारा हिशेब 'कोहा' नामक प्रणालीवर चालतो. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठीं १९९९ सालीं ती तयार होऊं लागली व २००० च्या जानेवारींत तेथें चालू झाली. कोहा या माओरी शब्दाचा अर्थ भेट. नांवाप्रमाणेंच ती सर्वांस विनामूल्य मिळते. आमच्या येथें ती लिनक्सच्या डेबियन या संचावर बसविलेली आहे. डेबियनमध्यें प्रत्येक प्रोग्रॅमला आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि यंत्र सामान्यतः मोठा क्रमांकच पसंत करतें. परंतु पसंतीची एक लहानशी फाईल असते; तींत जुन्या भांडारास हजाराहून अधिक गुण दिले, तर यंत्र नव्याच्या जागीं जुनें बसविण्यासही तयार होतें. कोणा जुन्या दुरुस्तीनंतर अशी एक फाईल सर्व्हरवर तशीच पडून राहिली होती. जूनच्या एका सकाळीं कंत्राटावरील तरुण सहायकानें नेहमींप्रमाणें प्रोग्रॅम अद्ययावत करावयास घेतले. यंत्रानें लांबलचक यादी दाखवून संमति मागितली, त्यानें ती दिली, आणि डेटाबेस सांभाळणारा मारियाडीबी कित्येक आवृत्त्यांनीं मागें गेला.

कोहाचें पान उघडेना. आंत पाहावें तों डेटाबेस रिकामा! एकही ग्रंथ नाहीं, एकही वाचक नाहीं.

झालें होतें तें असें. नव्या आवृत्तीला जुन्या दप्तराची रीत ठाऊक असते. जुनीला पुढची रीत कोठून ठाऊक असणार? आमच्या मराठवाड्यास हें समजणें कठीण नाहीं. निजामी अमलांतील येथलीं कित्येक दप्तरें उर्दूंत आहेत. १९४८ नंतर राज्य पालटलें आणि कारभार हळूहळू मराठींत आला. आतां केवळ उर्दू जाणणारा जुना कारकून अकस्मात् गादीवर येऊन बसला, तर समोरची मराठी वही त्यास कशी वाचतां यावी? कारकून प्रामाणिक असेल तर ती बासनांत बांधून माळ्यावर ठेवील व कोरी वही उघडील. मारियाडीबीनें नेमकें हेंच केलें. दप्तरावर मोठ्या क्रमांकाची खूण दिसतांच त्यानें तें निराळ्या नांवानें बाजूस सारलें व नवें, रिकामें दप्तर मांडलें.

बाहेर प्रवेशाचे दिवस होते. परगांवीं शिकावयास जाणारीं मुलें पुस्तकें परत केल्याच्या दाखल्यासाठीं खिडकीशीं उभीं होतीं. सहायकास कामावरून दूर करावें, अशी कुजबुजही दुपारपर्यंत सुरू झाली. आदल्या रात्रीची नक्कल त्या जुन्या आवृत्तींतच ओतावी, असें कांहीं उतावळ्यांनीं सुचविलें.

संगणकशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंनीं तें होऊं दिलें नाहीं. त्यांनीं सर्व कामें थांबविलीं व बाजूस सारलेल्या दप्तराची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. मग यंत्राची रोजनिशी उघडली. कोणता प्रोग्रॅम कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकावर उतरला, हें तींत ओळीनें लिहिलेलें होतें. पसंतीची फाईल काढली, प्रत्यक्ष कांहीं न बदलतां यंत्राकडून एकवार रंगीत तालीम करून घेतली, नव्या आवृत्त्या पुन्हा बसविल्या, आणि बासन माळ्यावरून उतरवून जागच्या जागीं ठेविलें. चार वाजतां एकूण एक ग्रंथ परत आला. दिवसभराची देवघेव कागदावर टिपली होती. ती सहायकानें रात्रीं बसून चढविली.

चुकून मागें पडलेल्यास सोडविण्याचा मार्ग पुढेंच जातो, एवढें आम्ही यावरून शिकलों. मात्र त्यासाठीं नक्कल आणि रोजनिशी हातीं असावी लागते. रोजनिशीनें एक न्यायही केला. तिच्यासोबत त्या फायलीवरील तारीख पाहिली गेली. ती सहायकाच्या नेमणुकीहून दोन वर्षें आधींची निघाली. कुजबुज थांबली, त्याचें कंत्राटही पुढें चालू राहिलें. संमति देण्यापूर्वीं तो आतां यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.