जाताना पाण्याने, येताना रस्त्याने

कोकणातल्या जुन्या माणसाच्या तोंडी 'जहाज' हा शब्द सहसा येत नाही. तो म्हणतो 'बोट'. बोट सुटते, बोट चुकते, आणि पोटात ढवळू लागले की माणसाला 'बोट लागते'. पन्नास-साठ वर्षांपूर्वी चाकरमान्याचे सारे जीवन या बोटीच्या वेळापत्रकाला बांधलेले असे. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली 'रोहिणी' किंवा 'चंपावती' हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याकडे जाई. बंदरे घेत म्हणजे काय, तर लांब खोल पाण्यात उभी राही. कुठे खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, कुठे खडक; मोठ्या बोटीने किनाऱ्याला लागायचे कसे? मग किनाऱ्यावरून पडाव येत. लाटेबरोबर पडाव वर आला, की खलाशी माणसाला बखोट धरून खेचून घेत. पोरेबाळे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळ्यांना न्याय एकच.

पावसाळा लागला की हा कारभार बंद. कोकण आणि मुंबई यांच्यामध्ये चार महिने समुद्र आडवा पडे. उरे तो घाटावरून कोल्हापूरमार्गे वळसा. आज ते ऐकून मुलांना गंमत वाटते. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाल्यावर तर एका रात्रीत कुडाळ येऊ लागले.

आमची आई मालवणची. १९५८ साली, एकोणिसाव्या वर्षी, लग्न होऊन ती बोटीने मुंबईला आली. तिचे वडील धक्क्यावर उभे होते. पडाव बोटीला लागला, ती वर चढली, आणि कठड्याला धरून पाहते तो किनाऱ्यावरची सगळी माणसे मुंग्यांएवढी झालेली. पण आजोबांनी आपली काळी छत्री उघडून वर धरली होती व ते ती डावीउजवीकडे हलवीत होते. आईनेही पदर हलवला. बोट सुटेपर्यंत छत्री हलत होती. पुढच्या आषाढात तार आली. बोटी बंद, घाटात पाऊस, आणि मी तिच्या पोटात. तिला जाता आले नाही. छत्री हेच शेवटचे दर्शन ठरले.

पुढे ती माहेरी कैकदा गेली, पण एस.टी.ने, मग रेल्वेने, आणि गेली ती घरात. धक्क्यावर काही ती जाईना. "बोटीवरनं एकदा मालवण बघायचं आहे," एवढे मात्र ती अधूनमधून म्हणे. म्हणून २०१९ साली धाकट्या भावाने मुंबई-गोवा सहलीच्या बोटीची तिकिटे काढली, तेव्हा आम्हा सर्वांनाच वाटले की साठ वर्षांचे हे देणे आता फिटणार. बुधवारी, २३ ऑक्टोबरला निघायचे, गुरुवारी सकाळी गोवा, शुक्रवारी परत निघून शनिवारी घरी. रविवारी २७ तारखेला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होते, त्याच्या आत सारे उरकत होते.

बोट कसली, तरंगते हॉटेलच ते! पोहण्याचा तलाव, गाणेबजावणे, जेवणाला इतके पदार्थ की ताट कमी पडावे. माझे पुतणे-पुतणी तर समुद्राकडे बघायलाही तयार नव्हते. आई तेवढी कठड्याशी खुर्ची टाकून बसली होती. "मालवण किती वाजता?" असे तिने तीन वेगवेगळ्या गणवेशांतल्या माणसांना विचारले. तिसरा भला होता. तो म्हणाला, "आजी, पहाटे. उजाडता उजाडता."

रात्री दहाच्या सुमारास तलावातले पाणी आधी एका बाजूने बाहेर आले, मग दुसऱ्या. गाणारा मध्येच थांबला. लिफ्ट बंद झाली. भांडी पडल्याचे आवाज आणि त्यांवर मात करणारे माणसांचे आवाज सुरू झाले. आमच्या सातांपैकी सहाजणांना बोट लागली. आले, लिंबू, आवळासुपारी, सगळे उपाय जसे आत गेले तसे बाहेर आले. सातवी माझी भावजय. ती सर्वांना पाणी पाजत फिरत होती. ऐंशी वर्षांच्या आईच्या पोटात घोटभर पाणी ठरेना. तिचे हात गार पडले, बोलणे अडखळू लागले. बोटीवरच्या डॉक्टरने अखेर सलाइन लावले, आणि मी व भाऊ बिछान्याच्या दोन बाजूंना तिला धरून बसलो. लहानपणानंतर आम्ही दोघे इतका वेळ एकमेकांसमोर गप्प बसलो नव्हतो. पहाटे मी गोल खिडकीतून पाहिले. पाऊस, फेस आणि करडा अंधार. मालवण त्यातच कुठेतरी मागे गेले. आईला मी सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

गोव्याला उतरल्यावर कळले, अरबी समुद्रात वादळ आकार घेत होते. त्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, नाफ्ता भरलेले 'नू शी नलिनी' हे निर्मनुष्य जहाज मुरगावहून वाहत जाऊन दोनापावलाच्या खडकात रुतले. दुसऱ्या दिवशी वादळाचे बारसे झाले. 'क्यार' हे नाव म्यानमारने सुचवलेले, अर्थ वाघ. परतीची बोट रद्द झाली होती. दिवाळीच्या तोंडावर रेल्वेत जागा कुठली? सलाइनने आई सावरली होती. डॉक्टरांनी गाडीने जायला हरकत नाही म्हटले, तेव्हा शुक्रवारी सकाळी एक मोठी गाडी ठरवून आम्ही बांद्यावरून निघालो.

कुडाळ मागे पडल्यावर आईच म्हणाली, "वाटेवर आहे, तर धक्क्यावर जाऊन येऊ."

दुपारी मालवणला पोहोचलो. पाऊस घटकाभर थांबला होता. होड्या वर ओढून घेतलेल्या, सिंधुदुर्गाला जाणारी प्रवासी वाहतूक बंद. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याचा पाया घातला त्या किल्ल्याच्या तटावर लाटा फुटून पाणी वर उडत होते. भावाने आईला एका हाताने धरले, मी दुसऱ्या. तिने किल्ल्याकडे फारसे पाहिले नाही. तिची नजर त्याच्या पलीकडे, खडकांच्या बाहेर, जिथे पूर्वी बोट उभी राही तिथे होती. बराच वेळ ती डोळे बारीक करून पाहत होती. शेवटी पुतणीला म्हणाली, "तुझे डोळे तरुण आहेत. तिथं एखादी बोट असती, तर तिच्यावरचं माणूस तुला दिसलं असतं का?"

"माणूस? छे, आजी. किती लांब आहे ते!"

आई गप्प झाली. मग एरवी आमच्याशी कधी न बोलायची त्या आपल्या मालवणीत, कुणाशीच नाही असे बोलली, "हयसून माणूस दिसणा नाय. मगे बाबा छत्री कोणाक दाखवी होते?"

साठ वर्षे ती समजत होती की आपला पदर वडिलांना दिसला. बोटीवरून छत्री दिसत होती. धक्क्यावरून मात्र त्यांना नुसती बोट दिसत असणार. तरी ती जाईपर्यंत ते छत्री हलवीत राहिले. बोटीवरून मालवण कितीही स्वच्छ दिसले असते, तरी ही गोष्ट तिला तिथून कळली नसती. ती कळायला धक्क्यावरच उभे राहावे लागते.

पुन्हा पाऊस आला. भावाने छत्री उघडली. आईने ती त्याच्या हातातून घेतली, आणि डोक्यावर न धरता क्षणभर उंच धरली. आम्ही भिजलो. कोणी काही बोलले नाही.

रात्री कणकवलीला मुक्काम करून शनिवारी उशिरा मुंबई गाठली. रविवारी पहाटे आम्ही अभ्यंगस्नान करीत होतो, त्या दिवशी क्यार महाचक्रीवादळ झाले. अरबी समुद्रात २००७ सालच्या गोनूनंतरचे पहिलेच. सुदैवाने ते किनारा सोडून पश्चिमेकडे गेले आणि समुद्रातच विरले. परतीच्या तिकिटांचे पैसे मिळाले. जातानाच्या रात्रीचे कोणी देत नाही.

फराळाला आलेल्या शेजारणींनी आईला कौतुकाने विचारले, "मग, कशी झाली बोटीची सहल?"

"बोट लागली हो," आई चकलीचा तुकडा मोडीत म्हणाली, "पण मालवणही लागलं."