पाचर

पंचतंत्रातले ते माकड आपण सर्वांनी लहानपणीच ओळखीचे करून घेतलेले असते. सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्याच्या फटीत पाचर ठोकून जेवायला जातात आणि हे महाशय ओंडक्यावर बसून ती पाचर उपटतात. पुढे त्यांचे जे होते, ते सांगताना आमची आजीदेखील जरा चाचरत असे. मला मात्र वेगळीच शंका होती : सुतारांनी मुळात ती पाचर ठोकलीच कशाला? मास्तरांना विचारले तेव्हा त्यांनी "तात्पर्य लिही" म्हणून सांगितले. उत्तर मिळायला मला वयाची एकसष्ट वर्षे आणि पोटावर एक काळानिळा वळ लागला.

निवृत्तीनंतर मी सुतारकामाचा नाद लावून घेतला. रंधा-पटाशीपर्यंत घरातून हरकत नव्हती. पण एक दिवस तळमजल्याच्या मागच्या पडवीत टेबल-सॉ येऊन बसला. पोलादी मेजाच्या फटीतून दातेरी चकती वर डोकावते आणि लाकूड आपण तिच्याकडे ढकलायचे, असे हे यंत्र. दहा इंची चकती, मिनिटाला चार हजार फेरे. मी हौसेने हिशेब केला, तर दात्यांचा वेग ताशी १९० किलोमीटर भरला. आपल्या डेक्कन क्वीनलाही हे कधी साधलेले नाही! सौभाग्यवतींनी एकदा यंत्राकडे पाहिले, एकदा माझ्या हातांकडे पाहिले. "दहाच आहेत हं," एवढेच त्या म्हणाल्या.

सगळ्यांना भीती असते ती बोटांची. अमेरिकेत तर बोट लागताच सेकंदाच्या काही हजारांश भागात थांबणारी करवतही निघाली आहे. पण ती ओळखते कातडीला, आणि फळीला कातडी नसते. माझी गाठ पडली ती फळीशी.

ही चकती आपल्या बाजूने खाली जाते, म्हणजे लाकूड मेजावर दाबून धरते. पलीकडच्या बाजूचे दाते मात्र वर येत असतात. कापले गेलेले लाकूड जरा तिरके होऊन त्या मागच्या दात्यांना टेकले, की ते त्याला उचलतात आणि सरळ आपल्या अंगावर फेकतात. आमचे मिस्त्री म्हणतात, "लाकूड लाथ मारतं." तिरके होण्याइतकेच वाईट म्हणजे फट मिटणे. लाकडाच्या अंगात कुठे फांदीचा, कुठे अर्धवट वाळल्याचा ताण दडलेला असतो. चिरत गेले की कधी दोन्ही भाग फाकतात, कधी जवळ येऊन चकतीला चिमटीत धरतात. म्हणून चकतीच्या पाठीमागे, तिला जवळजवळ खेटून, एक पोलादी पट्टी उभी असते. चकतीच्या पत्र्याहून जाड, पण दाते जी फट पाडतात तिच्याहून बारीक. फट मिटू द्यायची नाही आणि लाकूड मागच्या दात्यांवर जाऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम.

एका खणाच्या तळाला खाच पाडायची होती. खाच आरपार नसते, म्हणून वर आलेली पट्टी आड येऊ लागली. मी ती काढली आणि खिडकीत ठेवली. तिथे ती दोन दिवस राहिली.

तिसऱ्या दिवशी वखारीतून आणलेली आंब्याची फळी उभी चिरायला घेतली. निम्म्यावर गेल्यावर आवाज बदलला, जड झाला. पुढचे मला क्रमाने सांगता येत नाही. फळी पोटाला चाटून मागे गेली, भिंतीवर आदळली, आणि माझा डावा हात चकतीपासून चार बोटांवर मेजावर पालथा पडलेला मला दिसला. मागे गिलाव्याचा पोपडा उडाला होता. त्याची उंची मी नंतर मोजली : तीन फूट. आमचा नातू साडेतीन फुटांचा आहे. नेमक्या त्या जागी उभा राहून तो रोज माझे काम पाहतो. पाच मिनिटांपूर्वी आजीने त्याला ओढून आंघोळीला नेले होते. आरडाओरडा करीतच गेला होता बिचारा.

मिस्त्री आले. यंत्राला हात न लावता त्यांनी मेजाकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, पाचर कुठाय?"

मी मुकाट्याने खिडकीकडे बोट दाखवले.

त्यांचे वडील मोठ्या करवतीने ओंडके चिरीत, एक जण वर आणि एक जण खाली. करवत हातभर आत गेली की फटीत पाचर. नाही तर ओंडका करवत गिळायचा आणि माणसे दमून जायची. माझी बालपणीची शंका तिथे उभ्याउभ्या फिटली. मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. आधी भिंतीतली पिन काढली, मग पट्टी बसवली. लाकूड ज्या आडपट्टीला टेकवून सरकवायचे, ती चकतीशी समांतर आहे का, हे पुढे-मागे मोजून दाखवले. मागचे टोक केसभरही आत नको. उभे राहायचे ते चकतीच्या रेषेत नव्हे, डाव्या अंगाला. आडपट्टी आणि चकती यांच्यामधला तुकडा खाचेच्या काठीने चकतीच्या पार पलीकडे जाईपर्यंत ढकलायचा. मध्येच सोडायचा नाही, पलीकडून ओढायचाही नाही. फळी आडपट्टीला दाबून धरायला फणीसारखी चिरलेली एक लाकडी पट्टी त्यांनी करून दिली. ती चकतीच्या अलीकडेच लावायची. चकतीशेजारी लावली तर फट तीच मिटवते. आणि आडवे तुकडे पाडताना टोक आडपट्टीला टेकवायचे नाही, कारण सुटलेला तुकडा मध्ये अडकतो आणि उडतो.

हे सगळे सांगणाऱ्या मिस्त्रींची तर्जनी एका पेराने आखूड आहे. साइटवर ते प्लायवुडखाली हातकटर उलटे बसवून काम करतात. त्याला ना झाकण, ना पाचर. "तुमच्या मशीनला आहे का ही?" मी विचारले. ते हसले. "आमचा ठेका असतो, साहेब."

मी त्यांना मापाने एक पट्टी करून दिली. त्यांनी ती बसवली की पिशवीतच ठेवली, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

आता मी यंत्राचे बटण दाबायला गेलो, की स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, पाचर?"

मी हात लावून पाहतो आणि "आहे" म्हणतो. मग पडवीच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज येतो, आणि दारापलीकडे नातू भोकाड पसरतो.